नोटरीच्या गाडीचा कंडेन्सर

गुरुवारी एव्हासियो दाढी करायचा. गॅरेजवाल्या माणसानं कामाच्या दिवशी, दुपारी जेवून उठल्यावर दाढी करायची, म्हणजे बायकोनं काय समजायचं? दिनानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती गप्प बसली. दुसऱ्या गुरुवारीही गप्पच बसली. तिसऱ्या गुरुवारी त्यानं हाताचं ग्रीस काढायला लिंबू मागितलं, आणि तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

दिनाचं पूर्ण नाव सेकोंदिना, पण त्या नावानं तिला फक्त पाद्री हाक मारायचा. मोन्फेरातोच्या टेकड्यांत रोक्कामोरा गावी, चर्चच्या मागच्या उतारावर तिचं आणि नवऱ्याचं गॅरेज होतं. पाटीवर दोन ओळी. वर 'इंजिनकाम – एव्हासियो', खाली 'वायरिंग, बॅटरी, डायनामो – सेकोंदिना'. खालची ओळ जुनी, वरची नंतर रंगवलेली, कारण गॅरेज दिनाच्या बापाचं. तेरेसियो म्हातारा अख्ख्या खोऱ्यात नावाजलेला वायरवाला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं पोरीला बाकावर बसवून डाख द्यायला शिकवलं. गाव आधी हसलं, आणि मग आपापल्या बंद पडलेल्या गाड्या ढकलत मुकाट्यानं तिच्या दारात येऊन उभं राहिलं. एव्हासियो लग्नानंतर पान्यांची पेटी घेऊन इथंच राहायला आला. घरजावईच म्हणा ना.

इंजिनवाल्यानं विजेला हात लावायचा नाही आणि वायरवाल्यानं कार्बोरेटरला शिवायचं नाही, अशी वाटणी. ही काही या दोघांनी काढलेली नव्हे, तिकडं सगळीकडं असंच चालतं, दोन वेगळे धंदे, दोन वेगळ्या पाट्या. या घरात मात्र दोन्ही पाट्या एकाच बिछान्यात झोपायच्या. एव्हासियोला गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ कार्बोरेटरातच दिसायचं. मग तो उघडायचा, पेट्रोलात धुवायचा, फुंकायचा, बसवायचा आणि पुन्हा उघडायचा. सगळं करून हात टेकले की किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून म्हणायचा, "बघ गं बाई, तुझ्या खात्यातलं आहे का." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला म्हटलेलं सगळ्यात गोड वाक्य तेच. ते ऐकलं की दिना हातातला पळा टाकून उठायची, आणि दहा मिनिटांत गाडी चालू करून परत यायची. त्या दहा मिनिटांवर तिचे महिनेच्या महिने निघायचे.

आता त्या दाढीचं सांगते.

गावच्या नोटरीची एक गाडी होती. पासष्ट सालची, तुरीनची, दोन दारांची, गडद निळी. नोटरी मोठा हौशी माणूस. तो दोन वर्षांपूर्वी वारला, आणि गाडी त्याच्या बायकोकडं राहिली. सिन्योरा ओर्तेन्सिया. वय अठ्ठावन्न, म्हणजे दिनापेक्षा चार वर्षांनी मोठीच. देखणी म्हणाल तर नाही, पण नीटनेटकी, आणि गळ्याभोवती नेहमी एखादा हलका रुमाल. जुनी गाडी नुसती उभी राहिली की कुरकुरायला लागते, ती आठवड्यातून एकदा तरी चालू करून गरम करावी लागते. म्हणून एव्हासियो दर गुरुवारी सिन्योराच्या गॅरेजात जायचा. आधी अर्धा तास, मग तास, मग दोन तास. वसंत आला तेव्हा त्यानं तिला ती गाडी चालवायला शिकवायला घेतलं. नोटरीनं जिवंतपणी बायकोला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, आणि आता ही बाई द्राक्षांच्या मळ्यांतून गाडी फिरवतेय, शेजारी दाढी केलेला एव्हासियो! गावाला डोळे असतात हो.

बेकरीवाल्या मिलियाला तर चारपाच जोड होते.

"दिना, तुझ्या नवऱ्याला हल्ली साबणाचा वास येतो गं," पाव कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली.

"गॅरेजवाला आहे. हात धुतो."

"हात धुतो की हात धुऊन कुणाच्या मागं लागलाय?"

"तू तुझी भट्टी सांभाळ. करपल्याचा वास येतोय."

"भट्टीचा नाही तो," मिलिया म्हणाली, "तुझा येतोय. अगं, एवढं तरी सांग, सवत चार चाकांची आहे की दोन पायांची?"

दिनानं पाव घेतला आणि दार आपटून बाहेर पडली. घरी येईपर्यंत तिनं त्या पावाचा चुरा केला होता.

तिला काय वाटत होतं ते आडपडदा न ठेवता सांगून टाकते. एव्हासियो आणि ओर्तेन्सिया एकमेकांच्या गळ्यात पडले असतील असं काही तिला वाटत नव्हतं. तेवढी ती खुळी नव्हती. पण तो तिकडून येताना शीळ घालत यायचा. जेवताना दिना बोलायची आणि तो "हं" म्हणायचा, आणि त्याचं लक्ष कुठं असायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा हातातून चाललाय, थोडा थोडा, दर गुरुवारी दोन तास. आणि तो परत कसा आणायचा हे तिला कळत नव्हतं. बायकोनं भांडावं तर भांडायचं कशावरून? दाढीवरून?

जूनच्या शेवटी नोटरीची गाडी वर्षाच्या सर्व्हिसिंगला गॅरेजात आली. एव्हासियोनं ऑइल बदललं आणि तो कोपऱ्यावर कॉफी प्यायला गेला. दिना बाकावरून उठली. बाकाच्या खालच्या कप्प्यात तिच्या बापापासूनचा टाकाऊ माल पडलेला असायचा. त्यातून तिनं एक जुना कंडेन्सर शोधला. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी असते ती, डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, कडेला एका स्क्रूनं लावलेली. ती धड असली की ठिणगी कडक पडते. मरायला टेकलेली असली तर मोठी लबाडी करते: गार असेपर्यंत सगळं झकास, आणि इंजिन तापलं की ठिणगी लुळी पडून गाडी झटके खात बंद. थोडी निवली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. आणि हे झटके हुबेहूब पेट्रोल अडल्यासारखे वाटतात. इंजिनवाला हमखास फसतो. दिनानं निवडून निवडून असलाच एक मरतुकडा उचलला. त्याच्या तारेचं टोक तुटलं होतं, त्याला तिनं डाख दिला, वरून मेण लावलेला दोरा गुंडाळून बापाच्या पद्धतीनं गाठ मारली. पाप करतानाही सवयीचे हात नीटच चालतात, त्याला काय करणार. चांगला काढला, हा बसवला. एव्हासियो परत आला तेव्हा ती एका ट्रॅक्टरची बॅटरी तपासत होती.

तुम्ही म्हणाल, बाई हातात एवढी कला असलेली, आणि हे काय केलं? अहो, जळफळाट झालेल्या माणसाला कुठली कला आणि कुठलं काय! तिचा हिशेब साधा होता. गाडी रस्त्यात बंद पडेल. एव्हासियो कार्बोरेटर उघडेल, एकदा, दोनदा, तीनदा. सिन्योरा वैतागेल आणि म्हणेल, ह्या माणसाला काही येत नाही. मग एव्हासियो पडलेल्या तोंडानं घरी येईल, टेबलावर किल्ली ठेवेल, आणि ते वाक्य म्हणेल.

गाडी पहिल्याच शनिवारी मळ्याच्या वळणावर बंद पडली. इथवर सगळं दिनाच्या मनासारखं झालं. पण पुढं? पुढं एव्हासियो गुरुवारी जायचा तो रोज जायला लागला. रोज! पाच वाजले की गॅरेजातलं काम टाकून, दाढी करून, पान्यांची पेटी उचलून निघाला.

"काय झालंय त्या गाडीला?" चौथ्या दिवशी दिनानं विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना.

"कार्बोरेटर," तो म्हणाला आणि आन्योलोत्तीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या, ताटात मान घालून खायला लागला.

"उघडलास?"

"उघडला."

"मग?"

"उद्या पुन्हा उघडतो."

दिनानं टेबलाकडं पाहिलं. किल्ली नव्हती. किल्ली त्याच्या खिशात होती, आणि तो खिशावर हात ठेवून जेवत होता.

असे आठ दिवस गेले, मग पंधरा. दिना मनातल्या मनात त्याला म्हणायची, अरे विचार की मेल्या, एकदा विचार, मी येते, दहा मिनिटांत नीट करून देते आणि सगळं विसरून जाते. तो विचारत नव्हता. ती कपडे वाळत घालताना दोरी तुटेस्तोवर ओढायची. ग्राहकांवर खेकसायची. एका भल्या माणसाच्या हॉर्नचं काम करताना तिनं त्याला सुनावलं की तुला गाडी ठेवायची अक्कल नाही तर गाढव पाळ. तो बिचारा हॉर्न न वाजवताच निघून गेला.

एका संध्याकाळी एव्हासियो चष्मा विसरून गेला. दिनाला निमित्तच हवं होतं. चष्मा घेऊन ती सिन्योराच्या बागेतून मागच्या गॅरेजाकडं गेली. दार अर्धं उघडं होतं. ती बाहेरच थांबली.

आत स्टुलावर पांढराशुभ्र टेबलाचा रुमाल अंथरलेला, आणि त्यावर कार्बोरेटरचे पितळी जेट ओळीनं मांडलेले. एव्हासियो खाली बसलेला. सिन्योरा त्याच्यासमोर दुसऱ्या स्टुलावर, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, शाळेतल्या मुलीसारखी.

"आणि हे एवढंसं भोक कशाला?" तिनं विचारलं.

"त्यातून पेट्रोल येतं, सिन्योरा. गाडी नुसती उभी असते तेव्हाचं."

"आणि हे मोठं?"

"ते पळतानाचं."

"म्हणजे उभी असली तरी पीतच असते?"

"पीत असते. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांसारखी."

दोघं हसली. एव्हासियो असा हसू शकतो हे दिना विसरूनच गेली होती. वरचे दोन दात दिसायचे त्याचे हसताना. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या दोन दातांवर भाळून तिनं बापाशी वाद घातला होता. आणि आता ते दात त्या रुमालवालीला दिसत होते, फुकट! दिनाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं चष्मा बागेतल्या बाकावर ठेवला आणि ती निघून आली. वाटेत तिला रडू आलं. रडू आल्याचा राग आला, आणि घरी आल्यावर तिनं तो राग भोपळ्या मिरच्यांवर काढला.

पंचवीस जुलैला सान क्रिस्तोफोरोचा सण. गाडीवाल्यांचा तो संत. त्या दिवशी गावातल्या सगळ्या गाड्या चौकात जमतात, ओळीनं टेकडीवरच्या देवळाकडं जातात, आणि वर पाद्री प्रत्येक गाडीवर पवित्र पाणी शिंपडतो. तीस वर्षं या ओळीत सगळ्यात पुढं नोटरीची निळी गाडी असायची. तो वारल्यापासून दोन वर्षं ती निघाली नव्हती. या वर्षी सिन्योरानं जाहीर केलं की मी स्वतः चालवणार.

"त्या गाडीनं?" दिनानं विचारलं. "ती तर बंद पडते ना?"

"नाही पडणार," एव्हासियो म्हणाला. "चढ दहा मिनिटांचा आहे."

"दहा मिनिटांत नाही पडत वाटतं."

"नाही पडत."

दिनाला तेव्हा त्या उत्तराचं नवल वाटायला हवं होतं. पण तिचं डोकं दुसरीकडंच अडकलं होतं: एव्हासियो शेजारी बसणार होता. अख्ख्या गावासमोर, नोटरीच्या जागी नसला तरी नोटरीच्या गाडीत.

सणाच्या दिवशी, रविवारी सकाळी, चौकात चाळीसएक गाड्या उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढं निळी गाडी, त्यामागं सरपंचाची, त्यामागं दिना, गॅरेजच्या व्हॅनमध्ये एकटी. सिन्योरानं पिवळा रुमाल बांधला होता. एव्हासियोनं पांढरा शर्ट घातला होता आणि तो दिनानंच इस्त्री केला होता, ही गोष्ट तिला आता फार लागली. सगळ्यांनी इंजिनं चालू केली आणि नेमकं तेव्हा पाद्र्याला भाषण सुचलं. वेग, संयम, मद्यपान, तरुण पिढी, सगळं झालं. ऊन रणरणत होतं. गाड्या जागच्या जागी धुसफुसत होत्या. दिना घड्याळाकडं बघत होती. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. आता ती डबी चुलीवर ठेवल्यासारखी तापली असणार, हे तिला बसल्या जागी कळत होतं.

ओळ निघाली. दुसऱ्या वळणावर निळ्या गाडीनं पहिला झटका खाल्ला, तिसऱ्या वळणावर चार खाल्ले आणि ऐन चढात ती उभी राहिली. मागं चाळीस गाड्या तटल्या. हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, "नोटरीसाहेब नाही म्हणताहेत!" लोक हसले. सिन्योरा स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसली होती आणि तिची मान लाल झाली होती.

दिनानं याच क्षणासाठी तर सगळा उपद्व्याप केला होता. तिला आनंद व्हायला हवा होता. पण एव्हासियो गाडीतून उतरला, त्यानं बॉनेट उघडलं, आणि सगळं गाव त्याच्या पाठीकडं बघून हसायला लागलं, तेव्हा तिला ते सहन होईना. हसायचं तर मी हसेन, तुम्ही कोण? तिनं व्हॅनमधून हत्यारांची पिशवी उचलली आणि ती तरातरा चढून पुढं गेली.

बॉनेटखाली दोघांची डोकी जवळ आली. वर उघडलेला पत्रा, मागं हॉर्नचा गोंगाट. एवढ्या माणसांच्या मध्ये त्या दोघांना तेवढाच काय तो आडोसा होता.

"सर बाजूला," ती म्हणाली. "विजेचं असेल, मी बघते."

एव्हासियो सरला नाही. त्यानं शर्टाच्या खिशातून एक छोटं पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. खोकं खिशात राहून राहून कोपऱ्यांना झिजलं होतं. दिनानं उघडलं. आत नवा कोरा कंडेन्सर होता, याच गाडीचा.

तिनं खोकं पटकन मिटलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि गाठ दिसली. ती गाठ तुझ्या बापाची आणि तुझी, तिसरं कुणी मारत नाही."

"आणि तीन आठवडे खिशात घेऊन फिरतोयस?"

"रोज म्हणायचो, उद्या बदलीन."

"मग बदलला का नाहीस?"

एव्हासियो कार्बोरेटरकडं बघत राहिला. "बदलला असता तर जायचं कारण संपलं असतं."

दिनाला वाटलं पिशवीतल्या पान्यानं त्याचं टाळकं फोडावं. "लाज वाटत नाही? तोंडावर सांगतोस?"

"तू विचारलंस म्हणून सांगतोय."

"काय आहे रे तिच्याकडं एवढं?"

"ती विचारते," तो म्हणाला. "हे काय, ते कशाला, असं का होतं. तू कधी विचारलंस मला? तुला सगळं येतंच. तुझ्यासमोर मी तोंड उघडायचं कशाला?"

"आणि मी?" दिनाचा आवाज फुटला. "मी तीन आठवडे वाट बघतेय, तू येऊन विचारशील म्हणून! एक किल्ली टेबलावर ठेवायला काय जात होतं तुझं?"

मागून सरपंचानं लांबलचक हॉर्न वाजवला. "गप रे!" दोघं एकदमच ओरडली.

मग दिनानं नाक पुसलं आणि कामाला हात घातला. वायर सोडवली, स्क्रू काढला, चटका बसला तर शिवी दिली, नवी डबी बसवली, तार जोडली. चार मिनिटं. "मार स्टार्टर!" तिनं बॉनेटच्या कडेनं ओरडून सांगितलं. गाडी पहिल्या फेऱ्यालाच चालू झाली. मागं टाळ्या पडल्या.

सिन्योरा दार उघडून खाली उतरली आणि थेट दिनाजवळ आली. तिचे डोळे ओले होते, पण त्यात तेच कुतूहल होतं, स्टुलावरचं.

"काय होतं हो? हे काय काढलंत?"

"तो कंडेन्सर, सिन्योरा," एव्हासियो पुढं होऊन सांगायला लागला. "त्याचं काम असं, की..."

"तुम्ही थांबा," सिन्योरा म्हणाली. "ज्यांनी बसवला त्यांना विचारतेय. दिना, एवढीशी डबी, आणि तिच्यावाचून गाडी चालत नाही? करते काय ती?"

आता बघा, तीस वर्षं दिनानं हजारो डब्या बदलल्या असतील. एकानंही तिला कधी विचारलं नव्हतं की ही करते काय. लोक फक्त विचारायचे, कधी होईल. ती तुटकपणे सांगायला गेली, "ठिणगी राखते", पण सिन्योरानं लगेच विचारलं, "राखते म्हणजे?" मग दिनाला तारेतून येणारा जोर सांगावा लागला, पॉइंट उघडतात तेव्हा तो जोर तिथंच जळून जाऊ नये म्हणून ही डबी तो कसा पोटात घेते ते सांगावं लागलं, आणि सांगता सांगता तिचे हात हवेत फिरायला लागले. चाळीस गाड्या उन्हात उभ्या होत्या. एव्हासियो बाजूला पान्यांची पेटी धरून उभा होता, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि त्याचा चेहरा पडला होता. तो चेहरा दिनाला चांगलाच ओळखीचा होता. गेले चार महिने ती तो आरशात बघत होती.

"बसा माझ्याबरोबर," सिन्योरा म्हणाली. "वर जाईपर्यंत सांगा. मला अजून कळलं नाहीय."

दिना बसली. बसताना तिनं व्हॅनची किल्ली खिडकीतून नवऱ्याकडं फेकली. "व्हॅन घेऊन ये," ती म्हणाली. तो किल्ली झेलायला गेला आणि ती खाली पडली.

गाडी सुरेख चढत होती. सिन्योरा गिअरही नीट टाकत होती, शिकवणाऱ्यानं जीव लावून शिकवलेलं दिसत होतं. एक वळण दिना ठिणगीबद्दल बोलली. दुसऱ्या वळणावर सिन्योरानं विचारलं, "पण तो बिघडला कसा?"

दिनानं बोटांवरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाली, "बिघडला नाही. बिघडलेलाच बसवला होता. मी."

"का?"

या बाईला खरंच सगळं विचारायची खोड होती.

"एव्हासियो तुमच्याकडं येतो म्हणून," दिना म्हणाली. "मला ते बघवत नव्हतं म्हणून. जळत होते मी."

सिन्योरानं गाडीचा वेग जरा कमी केला. "मला वाटायचं तुम्हीच पाठवता त्यांना," ती हळूच म्हणाली. "एकटी बाई आहे म्हणून. मी म्हणायची, दिना किती मोठ्या मनाची."

दिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात सिन्योरानं आणखी एक प्रश्न विचारला. आवाज अगदी साधा होता, पण गळ्याजवळचा रुमाल तिनं उगीचच सारखा केला.

"आणि त्यांना माहीत होतं? तुम्ही काय केलंत ते?"

दिनानं तिच्याकडं पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती. श्वास धरून वाट बघत होती. हो म्हटलं, तर या बाईला कळणार होतं की एव्हासियो तीन आठवडे जाणूनबुजून, नवा कंडेन्सर खिशात घेऊन, तिच्यासाठी येत होता. हो म्हणणं हे खरं होतं. दिनानं एवढं सगळं खरं सांगितलं होतं, त्यात आणखी एक शब्द, इतकंच.

"नाही हो," दिना म्हणाली. "त्याला विजेतलं काय कळतंय? तो बिचारा कार्बोरेटरच शोधत बसला होता."

"हो का," सिन्योरा म्हणाली.

आणि तिचा चेहरा उतरला. थोडासाच उतरला, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता, पण दिनाला दिसला. म्हणजे आपलं पोट दुखत होतं ते उगीच नव्हतं.

वर देवळापाशी पाद्री उभा होता. त्यानं उघड्या खिडकीतून पाणी शिंपडलं, दोघींच्याही तोंडावर थेंब पडले, आणि दोघींनी छातीवर क्रूस काढला. मागून व्हॅन येत होती.